प्रवासातले फोटो आधी जपावेत, मग पाठवावेत

दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे आणि तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते आणि जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा त्यातील मराठी ओळीचा आशय आहे. गेल्या हिवाळ्यात जुळे सोलापुरातील आमच्या शेजारच्या काकांनी तिथे जाऊन त्या ओळीचा फोटो काढला, पुण्यात राहणाऱ्या पुतणीला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून घरी येताच मूळ फोटो पुसून टाकला. पुतणीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला तेव्हा दगडाचा पोत पुसट झालेला होता आणि अक्षरांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. "काका, मूळ फोटो पाठवा ना, हा वाचता येत नाही," असा तिचा निरोप आला, पण मूळ फोटो उरलाच नव्हता, कारण काकांनी कचरापेटीही रिकामी केली होती.

मी दर रविवारी काही ज्येष्ठ मंडळींना संगणक शिकवते आणि पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, विजापूर, हंपी अशा सहलींहून परतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा एकच समज मला आढळतो, की फोटो कोणाला तरी पाठवला म्हणजे तो जपला गेला. तसे होत नाही. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटोची लहान प्रत तयार होते आणि समोरच्याकडे ती प्रतच पोहोचते, म्हणून मूळ फोटो आधी दोन ठिकाणी सुरक्षित ठेवावा आणि त्यानंतरच वाटपाला लागावे. हे काम कसे करायचे ते पुढे सांगितले आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आणि घरात विंडोजचा संगणक असतो, त्यामुळे सांगणे त्यांना धरून आहे आणि आयफोनचा जिथे फरक पडतो तिथे तसे नोंदवले आहे.

निघण्यापूर्वी

फोनच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून किती जागा मोकळी आहे ते पाहावे. आजच्या साध्या फोनवर बारा मेगापिक्सेलचा एक फोटो सुमारे ३ ते ५ एमबीचा होतो, तर फुल एचडी व्हिडिओचे एक मिनिट सव्वाशे एमबीच्या आसपास जागा खाते. चार दिवसांच्या सहलीत एका घराचे चारशे फोटो आणि दहा मिनिटांचे व्हिडिओ सहज होतात, म्हणजे तीन जीबी तरी लागणारच, म्हणून पाच-सहा जीबी मोकळी असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. जागा करण्यासाठी जुने फोटो घाईने पुसण्यापेक्षा व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील 'मॅनेज स्टोरेज' उघडावे, कारण सुप्रभातची चित्रे आणि वारंवार पुढे पाठवलेले व्हिडिओ तिथे आकारमानाने मांडलेले दिसतात आणि ते काढून टाकल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

वेगळा कॅमेरा नेणार असाल तर त्यातील तारीख आणि वेळ तपासून घ्यावी. बरेच दिवस पडून असलेल्या कॅमेऱ्याचे घड्याळ कधीकधी कारखान्यातल्या मूळ तारखेवर जाते आणि मग सगळे फोटो भलत्याच वर्षाचे म्हणून नोंदले जातात. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि परवानगी दिली असेल तर ठिकाणही लपलेल्या नोंदीच्या रूपाने साठवले जाते, त्यामुळे पुढे फोटो शोधण्याची सगळी सोय या नोंदीवर अवलंबून असते.

संगणकावर उतरवून घेताना

फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडला की बहुतेक वेळा तो नुसता चार्ज होऊ लागतो आणि संगणकावर काहीच दिसत नाही. इथेच निम्मे लोक हात टेकतात. अशा वेळी फोनचे लॉक उघडावे, वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे, यूएसबीबद्दलची सूचना दिसेल तिच्यावर टिचकी मारावी आणि 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. आयफोन असेल तर पडद्यावर या संगणकावर विश्वास ठेवायचा का असे विचारले जाते, तिथे होकार द्यावा. एवढे करूनही फोन दिसत नसेल तर केबल बदलून पाहावी. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच, आणि बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. ज्या केबलीने फोटो नक्की उतरतात तिच्यावर रंगीत दोरा बांधून ती वेगळी ठेवावी, असे मी सर्वांना सांगते.

आता कीबोर्डवर विंडोजची कळ दाबून ठेवून ई दाबावे, म्हणजे फाइल एक्सप्लोरर उघडतो. डाव्या बाजूला 'धिस पीसी' आणि त्याखाली फोनचे नाव दिसते. त्यात शिरून इंटर्नल स्टोरेज, मग डीसीआयएम, मग कॅमेरा असे एकात एक फोल्डर उघडत गेले की आपण काढलेले फोटो समोर येतात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो इथे नसतात, त्यांचे फोल्डर वेगळे असते, आणि हे वेगळेपण आपल्या फायद्याचे आहे, कारण आपले मूळ फोटो आणि दुसऱ्यांकडून आलेल्या प्रती यांची सरमिसळ होत नाही.

फोटो घेण्याआधी संगणकावर नवे फोल्डर करून त्याला नाव द्यावे. नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस आणि शेवटी ठिकाण लिहावे, जसे २०२५-०१-१४ सोलापूर गड्डा. संगणक नावे डावीकडून अक्षराअक्षराने लावतो, त्यामुळे वर्ष आधी असेल तर फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, आणि दिवस आधी असेल तर जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि आषाढातले पंढरपूर एकमेकांत घुसतात. ठिकाणाचे नाव देवनागरीत लिहिलेले विंडोजला चालते, मात्र तारखेत तिरकी रेघ चालत नाही, म्हणून आडवी रेघ वापरावी.

त्यानंतर फोनच्या फोल्डरमध्ये पहिल्या फोटोवर एकदा क्लिक करावे, शिफ्टची कळ दाबून धरून शेवटच्या फोटोवर क्लिक करावे, म्हणजे मधले सगळे निवडले जातात. कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करावे, नव्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही दाबावे. कंट्रोल आणि एक्स, म्हणजे कट, हे फोटोंच्या बाबतीत कधीही वापरू नये, असा माझा आग्रह आहे आणि त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. आईला बदामी आणि पट्टदकलला नेले होते तेव्हाचे कॅमेऱ्याचे कार्ड मी एका दुकानात दिले, तिथे फोटो कट करून हलवले जात असताना कार्ड मध्येच निघाले आणि नंतर ते कोणत्याच संगणकावर उघडले नाही. बदामीच्या तलावाकाठी पायऱ्यांवर बसलेल्या आईचा फोटो त्यात होता. कॉपी केले असते तर अर्धवट राहिलेले काम पुन्हा करता आले असते, कारण मूळ फोटो जागेवरून हललेच नसते.

कॉपी होत असताना तेच नाव असलेली फाइल आधीच आहे, ती बदलायची का, असा प्रश्न संगणक विचारू शकतो. कॅमेरा फोटोंना क्रमांकाची नावे देतो, बहुतेक कॅमेऱ्यांत ९९९९ नंतर मोजणी पुन्हा सुरुवातीपासून होते, आणि नवराबायकोचे दोन कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर दोघांच्या वेगवेगळ्या फोटोंची नावे एकच असू शकतात. म्हणून 'रिप्लेस' न करता दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा. एखादा फोटो दोनदा राहिला तर नंतर काढता येतो, पण ज्याच्यावर दुसरा फोटो लिहिला गेला तो परत मिळत नाही.

शेवटी दोन्हीकडील फोटोंची संख्या जुळवावी. सगळे निवडले की खिडकीच्या तळाशी आकडा दिसतो, तो फोनवर आणि संगणकावर सारखा हवा. मग पहिला, शेवटचा आणि मधले चार-पाच फोटो प्रत्यक्ष उघडून पाहावेत. आयफोनवरून आलेले काही फोटो विंडोजवर उघडत नाहीत, कारण २०१७ पासून आयफोन बहुधा हेइक (एचईआयसी) या प्रकारात फोटो साठवतो. अशा वेळी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स येथे 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडले की पुढचे फोटो नेहमीच्या जेपेगमध्ये येऊ लागतात.

दुसरी जागा

एक प्रत संगणकावर आली, तरी दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी, कारण हार्ड डिस्क कोणतीही सूचना न देता बंद पडू शकते. यासाठी पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क चालते, आणि गुगल फोटोजसारखी ऑनलाइन जागाही चालते. पेनड्राइव्हवर लांबलचक व्हिडिओ जात नसेल आणि फाइल फार मोठी आहे असा संदेश येत असेल, तर तो पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेला आहे असे समजावे, कारण त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही. त्यातील सामान आधी दुसरीकडे काढून घ्यावे आणि मग एक्सफॅट या पद्धतीने तो फॉरमॅट करावा. काम झाल्यावर पेनड्राइव्ह तसाच न उपटता त्याच्या नावावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करावे.

गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, पण ती फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पूर्वी किंचित लहान केलेले फोटो या हिशेबात धरले जात नसत, आता सगळेच धरले जातात, त्यामुळे पूर्वीच्या आठवणीवर विसंबून राहू नये. बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटा बंद ठेवून फक्त वायफायवर बॅकअप घ्यावा, कारण तीनशे फोटो म्हणजे सव्वा जीबी होते आणि रोज दीड जीबी देणाऱ्या रिचार्जवर एवढ्यातच दिवसाचा डेटा संपत येतो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक चालू असताना तर गर्दीमुळे नेटवर्कच मिळत नाही, तेव्हा तिथे उभे राहून फोटो चढवण्याची धडपड करू नये, समोरचा सोहळा डोळ्यांनी पाहावा.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बॅकअप चालू असलेल्या फोनवर गुगल फोटोजमधून फोटो पुसला, तर तो ऑनलाइन जागेतूनही जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्या मुदतीत तो परत आणता येतो, नंतर नाही. फोनमध्ये फक्त जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरावा, तो बॅकअप झालेले फोटो केवळ फोनमधून काढतो.

पाठवताना

आता काकांच्या शिलालेखाकडे येऊ. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते. मूळ फोटो चार हजार गुणिले तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचा असेल, तर पुतणीकडे पोहोचतात सुमारे एकोणीस लाख. जेवणाच्या पंक्तीचा फोटो असेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण दगडावर कोरलेली हजार वर्षांपूर्वीची अक्षरे असतील तर नेमके वाचायचे तेच हरवते. फोटो निवडल्यावर वरच्या बाजूला एचडी असे चिन्ह दिसते, ते दाबल्यास फोटो बराच चांगला जातो. पूर्णपणे मूळ स्वरूपातच पाठवायचा असेल तर जोडणीच्या चिन्हावर टिचकी मारून 'गॅलरी'ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडावे आणि तिथून फोटो घ्यावा. काका याच वर्षी मकरसंक्रांतीनंतर पुन्हा कुडलला गेले, या वेळी सकाळचे तिरपे ऊन असताना फोटो काढला आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला. पुतणीने प्रत्येक अक्षर वाचून त्याखाली आजच्या लिपीत लिहून तो कागद त्यांना परत पाठवला, आणि तो आता त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे.

डॉक्युमेंटबाबत एक सावधगिरी हवी. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ठिकाणाची नोंद निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ती शाबूत राहते. घरात काढलेला फोटो अनोळखी माणसाला असा पाठवला तर घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. नान्नजच्या अभयारण्यात कोणाला माळढोक किंवा एखादे घरटे दिसले, तर ठिकाणाची नोंद असलेला फोटो वनविभागाखेरीज कोणालाही देऊ नये. इतक्या दुर्मीळ पक्ष्याभोवती गर्दी जमणे हेच त्याच्या जिवावर बेतते.

दोनशे फोटो नातेवाइकांच्या गटावर एकामागून एक टाकण्यापेक्षा गुगल फोटोजमध्ये अल्बम करून तो वाटणे सर्वांच्या सोयीचे असते. अल्बमला नाव द्यावे, त्यात निवडक चाळीस-पन्नास फोटो घ्यावेत, शेअरचे बटण दाबावे आणि शक्यतो नातेवाइकांचे जीमेल पत्ते टाकून त्यांनाच जोडावे. लिंक तयार करून पाठवली तर ती ज्याच्या हाती पडेल तो प्रत्येक जण अल्बम पाहू शकतो, आणि आपल्याकडे एका गटातली गोष्ट दुसऱ्या गटात जायला वेळ लागत नाही. अल्बमच्या पर्यायांत ठिकाण दाखवण्याचे बटण असते, तेही बंद करता येते. ईमेलने पाठवायचे असल्यास जीमेलवर एका पत्रात २५ एमबीपर्यंतच जोडणी चालते, म्हणजे पाच-सहा मूळ फोटो.

काय पाठवू नये हेही तितक्याच आग्रहाने सांगावेसे वाटते. चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो काढून गटावर टाकणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना तोंडावर तसे सांगितलेही आहे. त्या वारीला आलेल्या असतात, कोणाच्या फोटोसाठी आलेल्या नसतात. कोणाचाही, विशेषतः लहान मुलांचा, जवळून फोटो घेण्याआधी विचारावे. रेल्वेच्या तिकिटाचा फोटो हौसेने टाकू नये, कारण पीएनआर क्रमांकावरून गाडी आणि तारीख कोणालाही कळते. घराला कुलूप असल्याची वर्दी गावाला मिळू नये म्हणून सहलीचे फोटो घरी परतल्यावर टाकावेत.

बाहेरच्या संगणकावर

प्रिंट काढण्यासाठी किंवा तिकीट छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात किंवा नेट कॅफेत जावे लागते. तिथे आपला मूळ पेनड्राइव्ह देऊ नये, लागणारे तेवढेच फोटो एका वेगळ्या लहान पेनड्राइव्हवर न्यावेत, कारण दिवसभरात शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या संगणकावर व्हायरस असणे साहजिक आहे. कॅमेऱ्याचे मोठ्या आकाराचे एसडी कार्ड द्यावेच लागले तर त्याच्या डाव्या कडेवरची बारीक खिट्टी लॉककडे सरकवावी. मग संगणक त्यातून फोटो वाचतो, पण त्यातील काही पुसण्याचा प्रयत्न झाला तर तो नाकारतो. हे मला बदामीच्या आधी ठाऊक असायला हवे होते.

दुकानातील संगणकावर स्वतःचे जीमेल उघडणे टाळलेलेच बरे. उघडावेच लागले तर ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत उघडावे, पासवर्ड साठवू का या प्रश्नाला नकार द्यावा आणि उठण्यापूर्वी साइन आउट करावे. व्हॉट्सॲप जोडले असेल तर आपल्या फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तो संगणक तिथून काढून टाकावा. डाउनलोड केलेली फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट दाबले म्हणजे ती रीसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते. आधार कार्डाची प्रत काढली असेल तर ही पायरी चुकवू नये. प्रवासात फोन हरवला आणि खात्यातून पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, आणि फोन बंद पाडण्यासाठी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी. त्यासाठी लागणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# डायल केल्यावर दिसतो, तो घरच्या वहीत आधीच लिहून ठेवावा.

कागदावर

फोटो चांगला छापायचा तर एका इंचात सुमारे तीनशे पिक्सेल धरावेत. नेहमीच्या चार गुणिले सहा इंचांच्या प्रिंटला बाराशे गुणिले अठराशे पिक्सेल पुरतात, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला फोटोही त्या आकारात बरा दिसतो. तोच फोटो भिंतीवर लावण्यासाठी बारा गुणिले अठरा इंचांचा करायला दिला तर चेहऱ्यांची माती होते. तिथे मूळ फाइलच न्यावी लागते आणि स्टुडिओवाल्याला फोटोच्या कडा कापायच्या की पांढरी चौकट ठेवायची तेही आधी सांगावे लागते, कारण फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि कागद तीनास दोन. न सांगितल्यास देवळाचा कळस किंवा शेवटच्या रांगेतली आत्या कापली जाते.

प्रिंट हाती आल्या की प्रत्येकीच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि फोटोतील माणसांची नावे लिहावीत. बॉलपेनने लिहिल्यास दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते.